पाण्याच्या गॅसवरचा चहा

संगमनेर
६ ऑक्टोबर २०२५

श्री. पीटरराव यांस,
ख्रिस्तात सलाम.

परवा फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलत होतो आणि रेबेकाने मधेच फोन काढून घेतला. नंतर तिने मला निकाल ऐकवला, "दादा, तुम्ही दोघं स्पीकर लावून ओरडता, गल्ली गोळा होते. काय ते पत्रात लिहा. कागद ओरडत नाही." माझी धाकटी बहीण आणि तुमची धर्मपत्नी ही एकच व्यक्ती असल्याने या निकालावर अपील कुठे करायचं हे आपल्या दोघांनाही ठाऊक नाही. म्हणून लिहायला बसलो.

जेवढं ऐकू आलं त्यावरून माझी समजूत अशी झाली आहे. चुकत असेन तर दुरुस्त करा. साखर कारखान्याच्या बॉयलरवर उभा जन्म काढून तुम्ही मे महिन्यात निवृत्त झालात. पावसाळा पडवीत बसून घालवलात. आणि आता एकदम पाण्यातून जळणारा गॅस काढायचं यंत्र बांधायला घेतलंत. पाण्यात वीज सोडायची, म्हणजे पाणी फुटतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन बुडबुड्यांनी वर येतात, ते नळीतून आणून पेटवायचे. इथवर कळलं. पाणी आणि अग्नी यांचं वैर आमच्या पंडितांनी इतक्या ठिकाणी रंगवून ठेवलंय की तुम्ही त्यांची सोयरीक जुळवताय हे कळलं तर बिचाऱ्यांना घाम फुटेल.

पुढचं मात्र धड ऐकू आलं नाही. नाताळच्या सकाळी त्या गॅसवर रेबेकाला एक कप चहा करून द्यायचा, आणि नाही जमलं तर यंत्र भंगारात घालून पडवी रिकामी करायची, असं तुम्ही कबूल केलंय म्हणे. खरं का? आणि तेही शेजारच्या रंगुबाईंसमोर? मग ते कोर्टात कबूल केल्यासारखंच झालं.

यंत्राची प्रकृती सविस्तर कळवा. मी संस्कृत शिकवतो. बल्ब बदलण्यापलीकडे मला विजेतलं काही कळत नाही, त्यामुळे माझा सल्ला नेहमी निर्भय असतो.

तुमचा मेव्हणा,
नोहा


देवळाली प्रवरा
१३ ऑक्टोबर

शास्त्रीबुवा, सलाम.

सगळं खरं आहे. फक्त चहा 'भरलेला कप' पाहिजे, हे रेबेकाने मागाहून घातलं. रंगुबाई साक्षीला होत्याच.

आता प्रकृती. पाण्यात बुडवायला स्टीलचे पत्रे लागतात. बाजारात मिळतात, पण रेबेका म्हणाली, पेटीत आपल्या लग्नातली आहेराची ताटं तशीच पडलीत, ती घ्या. तुम्हाला माहीतच आहे, प्रत्येक ताटावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. रेबेकाने एकच अट घातली, "कुणाच्या नावावर करवत चालवायची नाही." म्हणून नाव मधोमध राहील असे चौकोन कापले. आता रंगाच्या रिकाम्या बादलीत कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात आपले सात नातेवाईक एकामागे एक उभे आहेत. तुमचे बन्सीमामा आहेत, आमचे अंगदकाका आहेत, बनुआत्या आहे. तुम्हीही आहात. तुमच्या ताटावर 'नोहा, बी.ए.' असं कोरलंय. तेव्हा नुकतेच पास झाला होता वाटतं. चौकोन कापताना बी.ए. वाचवायला फार त्रास झाला.

पहिल्या दिवशी बॅटरीच्या चार्जरने वीज सोडली आणि बादलीतून फेस वर आला. नळीतून गॅस निघायचा तर फेसच निघाला. दाढीला लावण्यासारखा. कारण शोधलं. रेबेकाने ताटं भांड्याच्या साबणाने लखलखीत घासून दिली होती आणि साबण खाचांत राहिला होता. तीनदा धुतली.

मग फेस गेला, पण गॅसही गेला. आत बुडबुडे दिसायचे, नळीच्या टोकाला काही नाही. म्हटलं गॅस जातोय कुठे? झाकणाच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, तर तिथून फुगे. म्हणजे साबण बाहेर लावायचा होता, आम्ही आत घातला होता. कड घट्ट केली. आता गॅस दुसऱ्या पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत येतो. ही बाटली राखणदार आहे. पुढची ज्योत उलटी फिरली तर या पाण्याशी येऊन विझते, बादलीपर्यंत पोचत नाही. आमच्या बॉयलरलाही असे राखणदार असायचे.

बुडबुडे येतात, पण थोडे.

पीटर


देवळाली प्रवरा
१९ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. उत्तर मला लिहू नकोस, यांच्याच पत्रात काय ते कर.

तुला फोनवर कधी बोलले नाही. मे महिन्यापासून हे बोलायचेच बंद झाले होते. रागावून नाही रे. नुसते बंद. जेवलात का म्हटलं तर हो. झोप लागली का, तर हो. कारखान्याचा भोंगा झाला की उठून अंगणाच्या गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. मी भांडण काढून पाहिलं, तर भांडणातही हो. दादा, यांच्याशी इतकी वर्षं संसार केला, पण मी कधी यांना घाबरले नव्हते. या गप्प बसण्याला घाबरले.

पडवी मला कशाला हवीय? लाकडं ठेवायला? ती चहाची पैज मी मुद्दाम लावली. पैज लावली तेव्हा हे रंगुबाईंसमोर ताडकन म्हणाले, "करून दाखवतो!" चार महिन्यांत पहिल्यांदा दोन शब्द सलग.

आणि तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बादली उघडून बसले. म्हणाले, "शास्त्रीबुवा हसतायत, थांब." तेव्हा दादा, तू हस. हवं तेवढं हस. तुझ्या टोमण्यांवर हे चालतात.

रेबेका


संगमनेर
२६ ऑक्टोबर

पीटरराव, सलाम.

दिवाळीच्या सुट्टीत तुमचं पत्र शिक्षकमित्रांना वाचून दाखवलं. आमच्या शाळेचे विज्ञानाचे सर गंभीर झाले आणि इतर सगळे रडेपर्यंत हसले. सात नातेवाईक कॉस्टिकमध्ये उभे आहेत हे वाक्य ऐकून आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "ही कल्पना मला आधी का सुचली नाही?"

माझी बी.ए. वाचवल्याबद्दल आभारी आहे. त्या पदवीला आयुष्यात प्रथमच कुणीतरी प्रत्यक्ष उपयोगात आणलं.

मात्र 'बुडबुडे थोडे' म्हणजे किती? आमच्याकडे नुसतं 'थोडं' चालत नाही. कशाच्या मानाने थोडं ते सांगावं लागतं. निजलेली शेळी जेवढा श्वास सोडते तेवढे की त्याहून कमी? कारण त्यावर चहा व्हायचा तर नाताळ पुढच्या वर्षाचा धरावा लागेल. तुमची तयारी नसेल तर आत्ताच सांगा. मी रेबेकाला पडवीला लावायला पडदे घेऊन येतो.

नोहा


देवळाली प्रवरा
३ नोव्हेंबर

शास्त्रीबुवा,

पडदे राहू द्या. मोजमाप लिहितो.

पाण्याने भरलेली बाटली पाण्यात उलटी धरायची, नळीचं टोक खाली द्यायचं, आणि गॅस पाणी ढकलून बाटली कधी रिकामी करतो ते पाहायचं. घड्याळ पाहता पाहता बाटली हातातून निसटते म्हणून रेबेका ओट्यापाशी गीत म्हणते, मी त्यावर मोजतो. पहिल्यांदा बाटलीला चार कडव्यांचं अख्खं गीत लागायचं. मग मी पत्रे जवळ आणले. या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. पत्रे एकमेकांना टेकता कामा नयेत, पण जेवढे जवळ तेवढा गॅस जास्त. मधे रबराच्या पातळ चकत्या घातल्या. बाटली दोन कडव्यांवर आली! शेळी नाही, म्हैस म्हणा.

आणि मग पाणी तांबडं झालं. तळाशी गाळ. रेबेका डोकावून म्हणाली, "चहा झाला की, आता पेटवायचं काय राहिलं?"

चांगल्या स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही, हलक्याला चिकटतो. फ्रिजवरचा चुंबक आणून एकेक ताट तपासलं. सगळे पास, तुमची बी.ए. पण पास. बनुआत्याच्या ताटाला मात्र चुंबक असा बसला की ओढून काढावा लागला. "नगरहून खास आणलंय, जड आहे बघा," असं आत्या दर नाताळला सांगते. ते सगळं गंजत होतं. आत्याला कळू देऊ नका. तिला काढून रेबेकाच्या मैत्रिणीचं ताट घेतलं.

पत्र्यांचा सगळा गठ्ठा सुटला होता आणि त्याच दिवशी चर्चच्या छपराचे पत्रे बदलायचे म्हणून पंचमंडळींनी मला बोलावलं. रेबेका म्हणाली, "तुम्ही जा, मी लावून ठेवते." संध्याकाळी आलो तर सात पत्रे चकत्या घालून, बाहेरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून, डबा बांधावा तसा गठ्ठा तयार. तिने यंत्राला पहिल्यांदाच हात लावला. मी तो तसाच बादलीत सोडला. इतकी वर्षं तिने बांधून दिलेला डबा मी कारखान्यात नेला, कधी वाटेत उघडून पाहिला नाही.

पीटर


संगमनेर
१० नोव्हेंबर

पीटरराव,

बनुआत्यांचं गुपित माझ्यापाशी सुरक्षित आहे. गेल्या वर्षी त्यांनी मला दिलेल्या डब्यालाही आज चुंबक लावून पाहिला. त्याबद्दलही मी गप्प राहीन.

दोन कडव्यांची म्हैस आता नव्या गठ्ठ्यावर किती दूध देते ते कळवा. मी आमच्या विज्ञानाच्या सरांशी एक प्लेट भजीची पैज लावून बसलो आहे. तुमच्या बाजूने लावली की विरुद्ध, हे सांगणार नाही.

नोहा


देवळाली प्रवरा
२२ नोव्हेंबर

नोहासर,

गॅस कमी झाला.

गाळ नाही, फेस नाही, झाकण गळत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ. तरी बाटलीला पुन्हा चार कडवी लागतात, कधी पाच. रेबेकाचा घसा बसला.

नळी बदलली. वायरची टोकं घासली, नटबोल्ट आवळले. चार्जर दुसरा लावून पाहिला. मग कॉस्टिक वाढवलं. त्याने थोडा फरक पडला, पण बादली तापायला लागली, हात लावता येईना. गॅसऐवजी वाफ यायला लागली. वाफेने राखणदार बाटलीतलं पाणी उडून कमी झालं, ते माझ्या लक्षात आलं नाही, आणि मी टोकाशी काडी ओढली.

फट् झालं. बाटलीचं झाकण रंगुबाईंच्या पत्र्यावर. कुणाला काही लागलं नाही, बाटली प्लास्टिकची होती, पाणी तळाला होतं म्हणून ज्योत तिथेच मेली. रंगुबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "पीटरभाऊ, दिवाळी झाली की वो कवाच!" सगळी आळी हसली.

तुम्ही चार पुस्तकं वाचलेले आहात. तुमच्या विज्ञानाच्या सरांना विचारून सांगा. माझं डोकं चालेना.

पीटर


संगमनेर
२७ नोव्हेंबर

पीटरराव, सलाम.

कुणाला लागलं नाही, देवाचे आभार. रंगुबाईंचं वाक्य मी वहीत टिपून ठेवलं आहे.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "यंत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही," म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही. तेव्हा निदान मीच करतो. बादली तापते, वाफ येते, गॅस येत नाही. पीटरराव, तुमच्या हातून नकळत गिझर तयार झाला आहे. वाईट वाटून घेऊ नका. ज्याने आयुष्यभर बॉयलर सांभाळला त्याने काहीही बांधायला घेतलं तरी शेवटी बॉयलरच होणार. नाताळला रेबेकाला चहा नाही तर निदान आंघोळीला कढत पाणी द्या. तेही थंडीत लागतंच.

नोहा


देवळाली प्रवरा
३ डिसेंबर
(पोस्टकार्ड)

यंत्र बंद केलं. पडवी रिकामी करतो आहे. सर्वांस सलाम.

पीटर


देवळाली प्रवरा
५ डिसेंबर

दादा,

हस म्हटलं होतं, एवढं नव्हतं म्हटलं.

यांनी तुझं पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मी म्हटलं, काय लिहिलंय दादानं? म्हणाले, "बरोबर लिहिलंय." बस. त्यानंतर पुन्हा हो, हो, हो. काल भोंग्याला उठून पुन्हा गेटपर्यंत गेले. अरे, त्या बॉयलरचं नाव कशाला काढलंस? तिथून आल्यापासून हा माणूस तेवढंच विसरायला बघत होता.

मला फार वाईट वाटलं, कारण यावेळी मीही त्यात होते. माझा गठ्ठा यांनी किती कौतुकाने बादलीत सोडला होता. मी तो किती मन लावून बांधला होता. नाताळच्या जेवणाला बसवते तसं सगळ्यांना नीट बसवलं. मोठी माणसं आधी, आपल्याकडची एका बाजूला, यांच्याकडची एका बाजूला. मधोमध नेमके आपले बन्सीमामा आणि यांचे अंगदकाका शेजारी येत होते. आता त्यांचं तुला माहीत आहे. आमच्या लग्नात मामांची पंगत बसली आणि मटण संपलं, वाढायला काका होते, तेव्हापासून एकमेकांकडे बघत नाहीत. यंत्रातलं ताट झालं म्हणून काय झालं, नावं आहेत ती. मी त्या दोघांच्या मधे माझ्या जुन्या स्लिपरच्या तळव्याची जाड चकती कापून घातली. बाकी सगळीकडे यांच्या पातळ चकत्या.

आणि एवढं करून ते बंदच पडलं. यांनी अजून बादली बाहेर काढलेली नाही, तोंडाने म्हणतात तेवढंच. भंगारवाला पुढच्या रविवारी येतो. काहीतरी कर.

रेबेका


संगमनेर
८ डिसेंबर
(स्पीड पोस्ट)

पीटरराव,

बॉयलरबद्दलची ओळ मी परत घेतो. ती विनोदी नव्हती. ज्या बॉयलरवर तुम्ही होतात तिथे तुमच्या पाळीत कधी काही उडालं नाही, हे मी लिहायला हवं होतं.

आता कृपा करून एक करा. गठ्ठ्यावरची ट्यूबची पट्टी सोडा आणि बन्सीमामा व अंगदकाका यांच्या मधे काय आहे ते पाहा. पत्रे जेवढे जवळ तेवढा गॅस जास्त, हे तुम्हीच मला लिहिलं होतं.

मला कसं कळलं ते विचारू नका. रेबेकालाही विचारू नका. तिने ते प्रेमाने केलं आहे.

भंगारवाल्याला सांगा, या महिन्यात काही नाही.

नोहा


देवळाली प्रवरा
१४ डिसेंबर

शास्त्रीबुवा,

तुमचं पत्र वाचून आधी घाबरलो. एकही टोमणा नाही. म्हटलं, तब्येत बिघडली की काय? मग पट्टी सोडली.

अहो, स्लिपर! निळी स्लिपर! मी नळी बदलली, चार्जर बदलला, वायर घासल्या, कॉस्टिक ओतलं, पंधरा दिवस सगळ्यांवर संशय घेतला आणि आत मामा-काकांच्या मधे बोटभर जाड स्लिपर. सातही पत्रे एका माळेत आहेत, वीज सगळ्यांमधून एकामागे एक जाते. एका ठिकाणी अंतर पडलं की सगळ्यांचाच गॅस कमी. मी पडवीत एकटाच बसून इतका हसलो की रंगुबाईंनी भिंतीवरून विचारलं, "काय वो, पुन्हा उडालं का काय?"

मग अडचण अशी आली, शास्त्रीबुवा. स्लिपर काढून त्या दोघांना चिकटवून बसवायचं म्हणजे रेबेकाची व्यवस्था मोडायची. ते मनाला येईना. आणि कधीतरी ती उघडून पाहणार. तासभर सगळी ताटं पुढ्यात मांडून विचार केला. मग तुम्हाला शेवटून उचललं आणि मामा आणि काकांच्या मधे बसवलं, दोन्हीकडे पातळ चकत्या. तुम्ही दोघांशीही बोलता. यंत्र चाललं आणि रेबेकाचा मानही राहिला.

बाटली दीड कडव्यात रिकामी झाली. म्हशीच्याही पुढे गेलो. तुमच्या बी.ए.ला आणखी काही हुशारी कोरायची असेल तर सांगा, जागा आहे.

राखणदार बाटलीवर आता पाण्याची खूण केली आहे. त्या खुणेखाली पाणी गेलं तर काडी नाही. गॅस साठवायचाही नाही, निघेल तसा जाळायचा. यंत्र उघड्यावर, अंगणात. बॉयलरवाला आहे मी, एकदा उडालं ते पुन्हा उडू देत नाही.

स्लिपर मी पुरून टाकली. रेबेकाला म्हणालो, वायर सैल होती. ती म्हणाली, "मला वाटलंच."

पीटर


देवळाली प्रवरा
२७ डिसेंबर

शास्त्रीबुवा, नाताळच्या शुभेच्छा उशिरा.

तुम्ही तिकडच्या उपासनेत पेटी वाजवत होता त्या वेळी इकडे काय झालं ते लिहितो.

चर्चमधून येऊन सगळी मंडळी अंगणात जमली. बन्सीमामा एका खुर्चीवर, अंगदकाका लांब चाफ्याखाली दुसरीवर, बनुआत्या मधे. रंगुबाई कुंपणापलीकडून. इंजेक्शनच्या सुईचं टोक मोडून तिची शेगडी केलेली, वर छोटं पातेलं, पातेल्यात दूध-पाणी, साखर, पत्ती. मी काडी लावली.

कुणाला काहीच दिसेना! हायड्रोजनची ज्योत दिवसा दिसत नाही, हे मला ठाऊक होतं, पण सांगायचं राहून गेलं. मी म्हणतो पेटलं, मंडळी म्हणतात कुठे? अंगदकाका म्हणाले, "पीटर, म्हातारपणी आम्हाला फसवू नकोस." बनुआत्या म्हणाली, "मला तर दिसतंय बाई, निळं निळं." तिला काहीही दिसत नव्हतं. शेवटी रेबेकाने वर्तमानपत्राची सुरळी करून तिथे धरली. सुरळी भपकन पेटली. बन्सीमामा खुर्चीतून उठले, ते उपासनेत पण उठत नाहीत.

मग प्रत्येकाला एक सुरळी पाहिजे. काकांनी लावली, मामांनी लावली, रंगुबाईंनी कुंपणावरून हात लांब करून लावली. सगळे त्या न दिसणाऱ्या ज्योतीकडे टक लावून बघताहेत. चहाकडे कुणाचंच लक्ष नाही. माझंही नाही. चहा उतू गेला आणि सरळ सुईवर सांडला. ज्योत विझली.

पातेल्यात उरला तो चहा कपात ओतला. अर्धा कप झाला. रंगुबाई म्हणाल्या, "मी साक्षीला हाय, भरलेला कप म्हनली व्हती रेबेकाबाई." खरं होतं. दुसरा करू म्हणावं तर सुईत साखर जळून बसलेली.

रेबेका आत गेली. मला वाटलं, संपलं. ती बाहेर आली ती पाहुण्यांच्या सेटमधला छोटा कप घेऊन. तुम्ही ज्याला औषधाचा पेला म्हणता तो. मोठ्या कपातला चहा त्यात ओतला. काठोकाठ भरला. रंगुबाईंना दाखवला. "भरला का?" रंगुबाईंना व्हय म्हणावंच लागलं. मग उभ्याउभ्याच प्यायली.

"साखर जास्त झालीय," म्हणाली. "उद्या कमी टाका."

पडवी राहिली.

पीटर


संगमनेर
३ जानेवारी २०२६

पीटरराव, सलाम.

डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं समजावं, या एका उदाहरणावर आमच्या शास्त्राने शेकडो वर्षं काढली. तुमच्या आगीला धूर नाही, ज्योतही दिसत नाही. गेली तीस वर्षं मी मुलांना जे शिकवतो त्याचं दुकान तुम्ही एका सुईने बंद केलंत. तुमच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची ते शोधतो आहे.

भजी मी जिंकली. तुमच्या बाजूने लावली होती. खाताना विज्ञानाच्या सरांना स्लिपरची हकिगत सांगितली. ते हातातलं भजं खाली ठेवून म्हणाले, "हे पाठ्यपुस्तकात नाही."

एक खासगी. मामा आणि काकांच्या मधे बसण्याचा अनुभव मला खऱ्या पंगतीतही आहे. माझ्या नावाच्या पत्र्याला सांगा, कठीण जागा आहे, पण जेवण दोन्हीकडून वाढलं जातं.

नोहा


देवळाली प्रवरा
२० जानेवारी

दादा,

यांच्या पत्रात तू स्पष्ट नाही लिहिलंस तरी ते वाचून मला कळलं. निळी स्लिपर कुठे गेली ते मी विचारणार नाही. वायर सैल होती, ठीक आहे.

नाताळनंतर आपल्या हायस्कूलच्या बाई आल्या होत्या, मुलांना यंत्र दाखवाल का म्हणून. हे आता आठवड्यातून दोन दिवस तिथे जातात. जायच्या आदल्या संध्याकाळपासून बोलायला लागतात. राखणदार बाटलीचं मुलांना कसं सांगायचं, ते आधी मला सांगून बघतात. मग रंगुबाईंना. परवा दूधवाल्याला थांबवून सांगत होते, त्याचं दूध उन्हात. जेवताना बोलतात, जेवल्यावर बोलतात. मी झोपले तरी बोलतात, मग विचारतात, "ऐकतेस ना?" मी म्हणते, हो.

आज शाळेचा दिवस. सकाळी गेलेत. घर अगदी शांत. मी धुणं तसंच ठेवलं, गॅसच्या शेगडीवर, आपल्या साध्या सिलिंडरच्या, चहा केला, मोठा कप भरून, आणि पडवीत पाय वर घेऊन बसले. दादा, पावसाळाभर मला जी शांतता खायला उठायची, तिच्यात आज किती छान वाटतंय म्हणून सांगू. म्हटलं तुला चार ओळी लिहाव्यात.

कुंपणापाशी कुणाचा तरी आवाज येतोय. रंगुबाई म्हणतायत, "व्हय का? आन् मग?"

आले वाटतं. गेटपासूनच बोलत येताहेत. थांबते.

रेबेका